एकाच मुशीतल्या अंगठ्या

त्रेसष्टाव्या वर्षी माणसानं पुन्हा लग्न करावं की नाही, यावरून तराजूकाकांच्या इमारतीत सरळ दोन तट पडले होते. पण करायचंच असेल तर दोघांच्या बोटांत जोडीच्या अंगठ्या हव्यात, यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत झालं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एकमतानं घातला.

तराजूकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तेहतीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजारानं दिलेली ती पदवी. ते दुकानात शिरले की त्या दिवशी तिथल्या गिऱ्हाइकांना पुरा एक किलो मिळायचा आणि ते बाहेर पडले की परिस्थिती पूर्ववत व्हायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी हाताची खोड गेली नव्हती. घरात साखरेचा पुडा आला तरी आधी काट्यावर चढायचा आणि मग डब्यात उतरायचा. बायको म्हणायची, "मलाही एकदा चढवा काट्यावर आणि कुठं कमी भरते ते सांगून टाका." तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

आता ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं त्या चौकातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. वय अठ्ठावन्न, सहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला, निवृत्तीला एक वर्ष बाकी. काका रोज सकाळी पेपर वाचायला जायचे आणि छापलेल्या आकड्यांतल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. त्यावरून बाईंनी त्यांना झापलं, आणि झापताझापता दोन वर्षांनी लग्न ठरलं. ठरलं तेही कुजबुजत, कारण वाचनालयात दुसऱ्या कुठल्या आवाजात काही ठरवायची सोयच नव्हती.

अंगठ्यांचं पिल्लू सोडलं ते वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी. वकिलांना न विचारता सल्ला द्यायची इतकी सवय होती की कुणी विचारलं तर ते गोंधळायचे.

"काका, या वयातलं लग्न म्हणजे लोकांना समजावून सांगत बसावं लागतं," जिन्यात गाठून ते म्हणाले. "जोडीच्या अंगठ्या करा. कुणी विचारलं, या तुमच्या कोण? हात पुढं करायचा. विषय संपला."

"कसल्या जोडीच्या?"

"एकसारख्या. एक पातळ, एक जाड, असं नाही चालणार. लोक लगेच म्हणतात, घरातली जुनीच चढवलेली दिसतेय."

हे शेवटचं वाक्य काकांना लागलं. आपण कुणाला कमी भरलं असं जगानं म्हणावं, हे त्यांच्या खात्याला शोभणारं नव्हतं.

सोनाराचं दुकान अरुंद होतं. पुढं काचेचा गल्ला, मागं सोनार, आणि त्याच्यामागं भट्टीची काळी पडलेली भिंत. सोनारानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. बाईंचं बोट सडपातळ, त्यांचं माप पहिल्या दोन कड्यांत मिळालं. काकांच्या बोटाचं पेर सुजलेलं. जी कडी पेरावरून उतरायची ती खाली गेल्यावर गरगर फिरायची, आणि जी खाली नीट बसायची ती पेरावरच अडायची. काकांनी तीनदा मापं घेतली आणि सरासरी काढली.

"सरासरी बोटात घालता येत नाही हो," सोनार म्हणाला.

मग नक्षीचा प्रश्न आला. काकांना अंगठी साधी हवी होती, कारण नक्षीत मळ बसतो आणि मळाचं वजन सोन्याच्या नावावर चढतं. बाईंना मधून एकच बारीक रेघ हवी होती.

"एवढी एक रेघ चालेल ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते इतक्या अजिजीनं की काकांना उगाच वाईट वाटलं. एका रेघेसाठी माणसानं इतकं घाबरून का विचारावं, हे त्यांना कळेना.

"दोन रेघा काढा," काका उदारपणानं म्हणाले. "फक्त दोन्ही अंगठ्या तंतोतंत सारख्या हव्यात. रंगसुद्धा. केसाचाही फरक चालणार नाही."

"रंगाची काळजी माझ्याकडं लागली," सोनार म्हणाला.

त्या संध्याकाळी परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला. "बाबा, खुशाल करा लग्न. मला आवडल्यात त्या. फक्त आईच्या वस्तू इकडंतिकडं करू नका हं." काका "छे छे" म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी कपाटातली आपली वजनांची पेटी काढली. पितळी वजनांची ती पेटी, आत मखमल, प्रत्येक वजनाला आपापला खळगा. पाच ग्रॅमचं वजन नोकरीत कधीतरी हरवलं होतं, आणि त्याच्या रिकाम्या खळग्यात आठ वर्षं बायकोची अंगठी बसलेली होती. दोन ग्रॅम तीनशे दहा मिलिग्रॅम. काकांना ते पाठ होतं.

पाठ नव्हता तो तिचा आवाज. गेल्या वर्षभरात तो त्यांना आठवेनासा झाला होता. शब्द आठवायचे, पण ते त्यांच्या स्वतःच्याच आवाजात. आणि आता घरात दुसरा आवाज येणार, चांगला, हवाहवासा वाटणारा, आणि मग पहिल्याची उरलीसुरली जागाही जाणार, या विचारानं ते पेटी मिटायचे आणि पुन्हा उघडायचे. बाई हव्या होत्या आणि तीही जायला नको होती. यात कुणाचं माप मारलं जातंय, हे त्यांना समजत नव्हतं.

मंगळवारी ते सोनाराच्या काट्यावरचा सरकारी शिक्का तपासायचं निमित्त काढून एकटेच गेले. निवृत्त माणसाला शिक्का तपासायचा काही अधिकार नाही, पण सोनारानं भिडेखातर तपासू दिला. मग काकांनी रुमालातून ती अंगठी काढली.

"माझ्या अंगठीत हे घाला. बाईंना यातलं काही कळता कामा नये."

आयुष्यभर ज्यानं दुकानदारांची लबाडी पकडली त्यानं हे वाक्य बोलताना मान खाली घातली. सोनारानं नग तोलला, डब्यात टाकला, आणि काही विचारलं नाही.

मधे लग्ननोंदणीच्या कचेरीनं आपला वाटा उचलला. तिथल्या कारकुनानं दोघांचे कागद पाहिले आणि चष्म्यावरून बघत म्हटलं, "मृत्यूचे दाखले जुने आहेत. यांच्या मिसेसचा आठ वर्षांपूर्वीचा, यांच्या मिस्टरांचा सहा वर्षांपूर्वीचा. सहा महिन्यांच्या आतली प्रत आणा."

"अहो, पण त्यात बदल काय होणार?" काकांनी विचारलं.

"ते आम्हाला काय माहीत? नियम आहे."

"म्हणजे मधल्या काळात त्या परत आल्या असतील, अशी खात्याला शंका आहे का?"

"आल्या असतील तर तसं लिहून आणा," कारकून म्हणाला. इतकं साधं वाक्य, पण ते ऐकून काकांना एकदम रडूच येईलसं झालं. बाईंनीच मग त्यांना दंडाला धरून दुसऱ्या खिडकीकडं नेलं. दोन दिवस, तीन खिडक्या आणि एक जेवणाची सुट्टी, एवढं सगळं पार पडून माणसं अजूनही गेलेलीच आहेत अशी ताजी प्रत दोघांच्या हाती पडली.

शनिवारी अंगठ्या तयार झाल्या. दोघं मिळून आणायला गेले. अंगठ्या खरोखर सुरेख झाल्या होत्या, मधे दोन बारीक रेघा, रंग तंतोतंत. काकांची पेरावरून थोडी अडली, साबण लावल्यावर बसली. बाईंनी आपली घातली आणि हात उजेडात धरून बघत राहिल्या. दोघंही लहान मुलांसारखे खूश होते. इथूनच घरी निघून जायला हवं होतं. पण काकांनी पावती वाचली. तेहतीस वर्षांत त्यांनी न वाचता पावती खिशात घातली नव्हती.

"पावतीत चूक आहे," ते म्हणाले.

"नाही हो," सोनार म्हणाला.

"आहे. इथं लिहिलंय, जुनं सोनं, नग दोन." आणि अधिकार आठवल्यामुळं त्यांनी अंगठीचं बोट गल्ल्याच्या काचेवर आपटलं. टक टक. "दोन नाही. एक." आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सोनारानं एकदा काकांकडं आणि एकदा बाईंकडं पाहिलं. "दोनच आले. एक तुमचा, मंगळवारी. एक बाईंचा, बुधवारी. दोघंही सांगू नका म्हणालात, मी सांगितलं नाही. पावती तुम्ही वाचलीत."

"तुम्ही?" काका म्हणाले.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या.

काकांनी पावती पुन्हा डोळ्यांजवळ धरली. "म्हणजे माझं जुनं माझ्या अंगठीत गेलं, आणि यांचं यांच्या."

"तसं कसं होईल? जोडीचं काम आहे. वेगवेगळं आटवलं तर रंगात फरक पडतो. दोन्ही नग एकाच मुशीत आटवले, वर नवं घातलं, एक कांब ओढली आणि तिचे दोन तुकडे केले. तंतोतंत हवं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मग आता ते वेगळं...?" काकांनी पुन्हा काचेवर बोट आपटलं. टक टक टक.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या काकांच्या बोटाकडंच बघत होत्या. मग त्यांनी आपली अंगठी काढून डबीत ठेवली, डबी काकांपुढं सरकवली, "मला वाचनालय उघडायचंय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. वाचनालय उघडायला अजून दीड तास होता.

घरी येऊन काकांनी कागद ओढला. दुःख झालं की काही माणसं झोपतात, काही खातात, काका गणित करायचे. दोन्ही अंगठ्या मिळून बारा ग्रॅम. पावतीप्रमाणं बाईंचा नग पाच ग्रॅम सहाशे चाळीस, म्हणजे सत्तेचाळीस टक्के. त्यांचा स्वतःचा नग जेमतेम एकोणीस टक्के. बाकी नवं. म्हणजे त्यांच्या बोटात बायको होती, पण तिच्या दुपटीहून जास्त एक अनोळखी गृहस्थ बसला होता. आठ वर्षं मखमलीत जपलेली बायको आता त्याच्या शेजारी कायमची जाऊन बसली होती, आणि तिथं तिला नेऊन बसवणारे ते स्वतःच होते. बाईंचंही आपल्या नवऱ्यावर किती प्रेम असलं पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि स्वतः तेच केलेलं असूनही ते त्यांना बोचलं. लग्नाची तारीख पाच दिवसांवर आली होती.

वकिलांना वास लागलाच. "अंगठ्या बघू," असं म्हणत ते दारात आले. काकांनी काहीतरी थाप मारली. "मापात घोळ आहे का?" वकिलांनी विचारलं. "हो," काका म्हणाले, "मापातच घोळ आहे."

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले. बाई परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. काकांनी हळूच तो गणिताचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"हे काय?"

"वाटणी," काका कुजबुजले. "तुम्हाला वाईट वाटलं, ते मला समजतं. तुमचं माणूस माझ्या बोटात आलं. पण बघा ना, टक्केवारीनं तुमच्याकडंही तेवढंच आहे."

बाईंनी कागद वाचला. "सत्तेचाळीस आणि एकोणीस. म्हणजे त्यांचं जास्त?"

"हो. दोन्हीकडं."

"तिथंही जास्तच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसणं अर्ध्यावर तुटलं. पेपर वाचणाऱ्या आजोबांनी मान वर केली. बाई उठून मागच्या कपाटांकडं गेल्या, काका त्यांच्यामागं.

दोन कपाटांच्या मधे, पुस्तकांच्या पाठींकडं बघत बाई बोलल्या. "दवाखान्यातल्या नर्सनं त्यांच्या बोटातली अंगठी कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली होती. सहा वर्षं टेबलाच्या ड्रॉवरमधे पडून होती. तुम्हाला वाटतंय प्रेमानं दिली मी ती सोनाराला?"

"मग?"

"मारलं नाही हो त्यांनी कधी. ओरडलेही नाहीत. चहाला उशीर झाला, उत्तराला उशीर झाला, की टेबलावर अंगठी वाजवायचे. टक टक. मी कुठंही असले तरी धावत यायचे. तीस वर्षं. ते गेल्यावरसुद्धा नळ ठिबकला की मी उठते. सोनाराला म्हटलं, मोडीत घ्या, कुठंही घाला, मला ती पुन्हा दिसायला नको. वाटलं, वितळली की आवाज बंद होईल." त्यांनी काकांच्या हाताकडं पाहिलं. "काल तुम्ही काचेवर बोट आपटलंत."

काकांनी नकळत तो हात पाठीमागं नेला. त्यांना आपल्या बोटाची लाज वाटली. त्या दुकानात रेघ मागताना बाई का घाबरल्या होत्या, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

"आणि तुमची?" बाईंनी विचारलं.

"माझी... तिला मागं टाकून यायचं जिवावर आलं."

"वाटलंच." बाईंनी पदरानं डोळे टिपले. "मग ठेवा ती अंगठी. मोडू नका. त्यात तुमचं माणूस आहे. माझं काय, मी करून घेईन सवय. सवयीचं मला काही वाटत नाही."

हे त्या अगदी साधेपणानं बोलल्या. भांडल्या असत्या, रुसल्या असत्या, तर काकांना बरं वाटलं असतं. तीस वर्षं ज्या आवाजाला या बाई धावत आल्या तो आवाज आता आपल्या बोटातून येणार, आणि बाई त्याचीही सवय करून घेणार, कुणाला कळणारसुद्धा नाही. ते तसेच बाहेर पडले. आजोबांना वाटलं, बाईंनी पेन्सिलीवरून पुन्हा झापलं असावं.

सोनार दुकानात एकटाच होता. काकांनी साबण मागितला. अंगठी पेरावरून निघताना कातडं सोललं. दोन्ही अंगठ्या त्यांनी गल्ल्यावर ठेवल्या.

"यातलं दोन ग्रॅम तीनशे दहा वेगळं काढता येईल?"

"आता त्यातलं कुठलं कुणाचं, ते कुणालाच कळायचं नाही, काका."

"मग सगळंच घ्या. नव्या सोन्याच्या करून द्या. अगदी नव्या. ह्यातलं कणभरही नको."

"घेतो. पण सांगून ठेवतो, माझ्याकडं हे राहणार नाही. पुढच्या आटणीत जाईल. कुणाच्या बांगडीत, कुणाच्या कानात. परत मागायला आलात तर देता येणार नाही."

काकांनी गल्ल्यावरच्या अंगठ्यांकडं पाहिलं. त्यांना वाटत होतं, आत्ता बायकोनं काहीतरी बोलावं, नको म्हणावं, किंवा काट्यावर चढवायचं ते ठरलेलं वाक्य म्हणावं. काहीच ऐकू आलं नाही.

"घ्या," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. "आईची अंगठी मी दिली. आता ती परत मिळायची नाही." मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?" आणि दोघंही रडले, वेगवेगळ्या गावांत.

गुरुवारी नोंदणीच्या कचेरीत लाकडी बाकावर ते दोघं बसले होते. नव्या अंगठ्या व्हायला अजून आठवडा होता. वकील साक्षीदार म्हणून आले होते, पण रिकामी बोटं बघून त्यांचा इतका विरस झाला की ते बाहेर फेऱ्या मारत होते. काकांनी बाईंना सगळं सांगून टाकलं. अंगठ्या दिल्या, सोनार काय म्हणाला, मुलगी काय म्हणाली.

बाईंनी काकांचा हात उचलून मांडीवर घेतला. सोललेल्या जागी खपली धरली होती. "मी ठेवा म्हटलं होतं तुम्हाला."

"म्हणूनच दिली."

शेजारच्या खिडकीवर एक तरुण जोडपं कुठल्याशा फॉर्मवरून हसत होतं. मग बाई म्हणाल्या, "आता सांगा."

"काय?"

"तिच्याबद्दल. सोनं तर गेलं. आता तिला ठेवायचं कुठं? मला सांगून ठेवा."

काकांना वाटलं, कुठून सुरुवात करावी. आधी ते उंची सांगायला लागले, मग वय, मग थांबले. मग म्हणाले, "हाक मारायची ना, ती शेवटचं अक्षर लांबवून मारायची. आवाज आठवत नाही. पण लांबवायची, एवढं नक्की." आणि त्यांना रडू आलं, भर कचेरीत, चारचौघांत. त्यांनी डोळे पुसले नाहीत. तिला गाता यायचं नाही तरी ती कशी गायची ते सांगितलं. वजनं पुसताना ती एकेका वजनाला माणसासारखं नाव ठेवायची, ते सांगितलं. शेवटच्या आजारात ती किती हलकी झाली होती आणि एकदा तिला उचलताना आपण मनात वजन केलं होतं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

कारकुनानं नंबर पुकारला. वकील धावत आत आले. कारकुनानं दुसऱ्यांदा पुकारला, मग तिसऱ्यांदा, खिडकीतून डोकं बाहेर काढून. बाईंनी काकांचा हात न सोडता दुसरा हात वर केला आणि कारकुनाला म्हणाल्या, "थांबा जरा. यांचं अजून सांगून व्हायचंय."